दिव्याच्या खांबांवर टांगलेला करार

फिलाडेल्फियाचे वायफाय कसे गाजले आणि कसे बुडाले, हे तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्यांना पाठ आहे. महापौर जॉन स्ट्रीट यांनी २००४ मध्ये अख्ख्या शहरावर, म्हणजे सुमारे १३५ चौरस मैलांवर, बिनतारी इंटरनेट पसरवण्याचा बेत जाहीर केला, अर्थलिंक कंपनीने तो पत्करला आणि २००८ मध्ये तिने अंग काढून घेतले. बातम्यांत एवढे आले. करार नेमका कुठे अडकला, हे पाहायला मात्र विधिमंडळात, दिव्यांच्या खांबांवर आणि कंपनीच्या ताळेबंदात डोकवावे लागते.

घोषणेला काही महिनेच झाले होते, तोच पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात दूरसंचाराचे एक विधेयक पुढे सरकले. त्याच्या पोटात एक कलम होते. पालिकेला पैसे घेऊन ब्रॉडबँड पुरवायचे असेल, तर आधी तिथल्या टेलिफोन कंपनीला विचारायचे आणि ती ‘आम्ही देतो’ म्हणाली तर पालिकेने बाजूला व्हायचे. फिलाडेल्फियातली टेलिफोन कंपनी म्हणजे व्हेरायझन, आणि विधेयकासाठी तिनेच जोर लावला होता. सही करायची होती राज्यपाल एड रेंडेल यांना, जे स्वतः आठ वर्षे याच शहराचे महापौर होते. ३० नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी सही केली. पण त्याच वेळी व्हेरायझनने फिलाडेल्फियापुरती आपली हरकत सोडली होती. शहर सुटले, राज्यातली बाकीची गावे अडकली. मला हा तह अजून खुपतो. ज्या लहान गावांकडे कंपन्या सर्वांत शेवटी वळणार, त्यांच्याच हातातला उपाय यात गेला.

मग आली निविदेची अंतिम फेरी. ह्यूलेट पॅकार्ड आणि अर्थलिंक असे दोघे उरले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये अर्थलिंकची निवड झाली. खर्च कंपनीचा, खांब शहराचे. सामान्य ग्राहकाला महिना सुमारे २० डॉलर, गरीब कुटुंबांना ९.९५ डॉलर. करदात्यांचा पैसा लागणार नाही, ही या कराराची मोठी शान होती. कंपनी एवढी उदार का झाली, याचे उत्तर त्याच वर्षीच्या दोन निर्णयांत आहे. केबल कंपन्यांवर आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना वापरू देण्याची सक्ती नाही, ही केंद्रीय दूरसंचार आयोगाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये मान्य केली. ऑगस्टमध्ये आयोगाने टेलिफोन कंपन्यांच्या डीएसएललाही तीच मोकळीक दिली. डायलअपवर मोठी झालेली, दुसऱ्यांच्या तारांवरून इंटरनेट विकणारी अर्थलिंक एका फटक्यात नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखी झाली. तिला शहराचे भले करायचे होतेच, पण त्याआधी स्वतःचे छप्पर शोधायचे होते.

आता खांब. हे यंत्रणेचे सर्वांत देखणे अंग आणि करारातले सर्वांत दुखरे. रस्त्यावरच्या दिव्याच्या डोक्यावर अंधार पडला की दिवा लावणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्याच खोबणीतून वीज घेऊन ट्रोपोस कंपनीचा रेडिओ चालवायचा, अशी युक्ती होती. वेगळी केबल नको, रस्ता खोदायला नको. एक रेडिओ शेजारच्याला माहिती देतो, तो पुढच्याला, आणि काही खांबांनंतर ती मोटोरोलाच्या कॅनोपी जोडणीवरून उंच मनोऱ्याकडे जाते. नकाशावर हे जाळे फार छान बसत होते.

पण लोक नकाशावर राहत नाहीत. फिलाडेल्फियाची ओळख म्हणजे एकमेकांना चिकटलेली विटांची घरे. खांबावरचा संकेत त्या भिंतींतून कसाबसा पुढच्या खोलीपर्यंत पोचायचा, मागच्या खोल्यांत विरून जायचा. त्याहून मोठी अडचण उलट्या दिशेची होती. खांबावरचा रेडिओ मोठ्या आवाजात बोलू शकतो, लॅपटॉपमधल्या चिमुकल्या रेडिओला तितक्या जोराने उत्तर देता येत नाही. त्यामुळे पडद्यावर संकेताच्या पट्ट्या दिसत आणि पान मात्र उघडत नसे. हिवाळ्यात उघड्या फांद्यांतून जाणारा संकेत उन्हाळ्यात पानांत अडतो, हेही या कामातल्यांना लवकरच कळते. घरात नीट इंटरनेट हवे तर वेगळे उपकरण बसवणे आले, आणि रस्त्यावर अंदाजापेक्षा बरेच जास्त रेडिओ. प्रत्येक जादा रेडिओचा खर्च कंपनीच्या खिशातून. करारात शहराने पैसे न घालण्याची जी शान होती, तिचे बिल इथे फाटत होते.

उत्तर फिलाडेल्फियातला १५ चौरस मैलांचा चाचणी पट्टा अखेर मे २००७ मध्ये पास झाला. तोवर दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. प्रकल्पाचा पाया घालणाऱ्या शहराच्या मुख्य माहिती-तंत्रज्ञान अधिकारी डायना नेफ २००६ मध्येच पद सोडून, प्रकल्पात शहराला सल्ला देणाऱ्या कंपनीत दाखल झाल्या. आणि शहरी वायफायवर मनापासून विश्वास ठेवणारे अर्थलिंकचे प्रमुख गॅरी बेटी जानेवारी २००७ मध्ये कर्करोगाने गेले. परीक्षा पास झाली तेव्हा ज्याने ती द्यायचे ठरवले, तोच नव्हता.

नवे प्रमुख रोला हफ यांनी ऑगस्टमध्ये सुमारे ९०० जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना, कमी केले. शहरांनीच मोठे गिऱ्हाईक होऊन पैसे घालावेत, असे कंपनी आता उघड म्हणू लागली. या लाटेत तोवर बरीच शहरे उतरली होती; आपल्याकडे पुणे महापालिकेनेही इंटेलला बरोबर घेऊन ‘अनवायर पुणे’चा संकल्प सोडला होता. ह्यूस्टनने मात्र अर्थलिंकशी केलेल्या करारात मुदतीचे कलम घट्ट बांधले होते. जाळे वेळेत उभे राहिले नाही, तेव्हा अर्थलिंकला त्या शहराला ५० लाख डॉलर मोजावे लागले, आणि त्यातून ह्यूस्टनने गरीब वस्त्यांसाठी वायफायची सोय केली. सगळ्या शहरांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो ह्यूस्टनचा वकील.

सॅन फ्रान्सिस्कोत गूगल फुकट आणि अर्थलिंक पैसे घेऊन, अशी जोडसेवा ठरली होती. महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी जानेवारी २००७ मध्ये करार जाहीर केला आणि नगरमंडळाने मुदत, वेग आणि खासगीपणा यांवर महिनोन्‌महिने घासाघीस केली. ऑगस्टअखेर अर्थलिंकनेच माघार घेतली. नोव्हेंबरमध्ये त्याच विषयावर मतदान आधीच ठरलेले होते. नागरिकांनी मोठ्या उत्साहाने फुकट वायफायच्या बाजूने कौल दिला. द्यायला तोवर कोणी उरले नव्हते.

फिलाडेल्फियात मे २००८ उजाडला. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर ओतलेले जाळे अर्थलिंकने फुकट देऊ केले, आणि कोणी घेईना, कारण ते चालवण्याचा खर्च रोजचा होता. मग कंपनी न्यायालयात गेली: आमची जबाबदारी १० लाख डॉलरपुरती धरा आणि खांबांवरची उपकरणे काढायला परवानगी द्या. जूनमध्ये काही स्थानिक गुंतवणूकदारांनी जाळे उचलून वाचवले. डिसेंबर २००९ मध्ये शहराने तेच जाळे त्यांच्याकडून २० लाख डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. पण आता मुख्य हेतू सार्वजनिक सुरक्षा आणि पालिकेचा कारभार हा होता.

गरीब घरांसाठीचा तो दर मात्र शहरात परत आला. २०११ मध्ये कॉमकास्टने, जिचे मुख्यालय फिलाडेल्फियातच आहे, गरीब विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी स्वस्त इंटरनेट सुरू केले. एनबीसी युनिव्हर्सल ताब्यात घ्यायला परवानगी देताना दूरसंचार आयोगाने ही अट घातली होती. दर होता महिना ९.९५ डॉलर, आणि ते घरात तारेने येत होते.