शब्दांचा शोध आणि यंत्राची दृष्टि

एखाद्या ग्रंथांत ‘राम’ हा शब्द किती वेळां आला, हें मोजण्यास मनुष्याला दिवस लागतील. संगणक तें क्षणांत सांगतो. मात्र यंत्राला अर्थ कळत नाहीं, केवळ चिन्हांची ओळ दिसते. म्हणून ‘आराम’ व ‘रामायण’ यांतही त्याला ‘राम’ सांपडतो.

यावर उपाय म्हणजे शोधाचा नमुना. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनीं १९५१ सालीं अशा नमुन्यांची सांकेतिक भाषा मांडिली. केन थॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं तिच्या आधारें मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. या भाषेंत ठिपका म्हणजे कोणतेंही एक चिन्ह. तारका म्हणजे मागील चिन्ह कितीही वेळां, अथवा मुळींच नाहीं. शब्दाची सीमा दाखविणारीही एक खूण आहे. ती ‘राम’च्या दोन्ही बाजूंस घातली कीं ‘आराम’ गळतो.

परंतु पायथन या भाषेसोबत येणाऱ्या शोधसंचांत ‘रामायण’ गळत नाहीं! देवनागरींतील काना, वेलांटी, मात्रा हीं संगणकांत स्वतंत्र चिन्हें म्हणून सांठविलीं जातात, आणि हा संच त्यांस शब्दाचा अंश मानीत नाहीं. ‘म’पुढील काना दिसतांच शब्द संपला, असें तो समजतो. चूक झाल्याची सूचना मिळत नाहीं. चुकीचा आंकडा मात्र खरा म्हणून छापला जातो.

तेव्हां मागें-पुढें देवनागरी अक्षर वा स्वरचिन्ह नसावें, असें नमुन्यांतच स्पष्ट लिहावें. मग ‘रामाला’ हें रूपही गळेल. तें मोजावें कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम मात्र मनुष्याचेंच.