मॉर्फिन राखून ठेवू नका

देवरी तालुक्यातल्या रुग्णाला खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला की उपचारासाठी अनेकदा नागपूर गाठावे लागते. परतताना औषधांत मॉर्फिनच्या गोळ्या असल्या, तर घरचे बिचकतात. अफूपासून बनलेले औषध, सवय लागेल. अगदीच असह्य झाले तर देऊ, असे म्हणत गोळ्या डब्यातच राहतात. शरीराचा हिशेब मात्र उलटा आहे.

वेदनेचे संदेश सतत येत राहिले, की मज्जारज्जूतील चेतापेशींमध्ये कॅल्शियम शिरते आणि नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या संशोधनाला १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जारज्जूत तो शेजारच्या पेशींतही पसरतो आणि त्यांना हळवे करतो. मग जखम तेवढीच असली तरी दुखणे वाढते. साधा स्पर्शही सहन होत नाही.

मॉर्फिन हे संदेश मज्जारज्जूच्या दारातच कमी करते. म्हणून दुखणे शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता गोळी ठरलेल्या वेळी द्यावी.

याची दुसरी बाजूही आहे. औषध दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत चालले, तर नायट्रिक ऑक्साइडची हीच साखळी पुन्हा जागी होऊ शकते. औषधाचा गुण कमी येतो. क्वचित औषधामुळेच वेदना वाढते. प्राण्यांवरील प्रयोगांत हा वायू तयार होणे रोखल्यावर मॉर्फिनचा गुण अधिक काळ टिकला. माणसांसाठी तसे औषध अजून नेहमीच्या वापरात नाही.

त्यामुळे दुखणे वाढले तर मनाने गोळ्या वाढवू नयेत, एकदम बंदही करू नयेत. आजार वाढला, जंतुसंसर्ग झाला की औषधच उलटले, हे डॉक्टर तपासून ठरवतात. मात्रा बदलणे, दुसरे औषध देणे किंवा नसांच्या वेदनेचे औषध जोडणे, असे मार्ग असतात. बद्धकोष्ठतेचे औषध सोबत लागतेच. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

गुण कमी येणे म्हणजे व्यसन नव्हे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती अशा रुग्णांना मॉर्फिन सुलभपणे मिळावे म्हणूनच. साध्या गुडघेदुखीसाठी किंवा कंबरदुखीसाठी ते नाही; पण कॅन्सरच्या तीव्र वेदनेत ते नाकारणे म्हणजे रुग्णाला विनाकारण तळमळत ठेवणे.