पेट्रोलच्या थेंबाचा हिशेब

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. थेंबाथेंबाने तळे आटतेही, ही तिची दुसरी बाजू मात्र घरात मोटार आल्यावाचून आम्हांस नीट उमगली नाही. टाकीतील पेट्रोल कोणत्या वाटेने जाते, त्यातील किती कामी येते, किती वाया जाते आणि वाया जाणारे वाचवणे आपल्या हाती कितपत आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी त्याची किल्ली शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनी तो आपला समजावा.

एके काळी मोटार ही मोजक्या घरांची मिरास होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत मारुती ८०० ही लहान मोटार पहिल्या ग्राहकाच्या हाती आली आणि ही स्थिती पालटू लागली. अवघे ७९६ घन सेंटिमीटरांचे, तीन सिलिंडरांचे तिचे इंजिन. पण चौघांच्या कुटुंबास ते पुरेसे होते. २०१४ साली तिची निर्मिती थांबली, तथापि तिच्या वर्गातील छोट्या मोटारी आज पेडणे व डिचोली तालुक्यांच्या वाड्यावाड्यांवर दिसतात. आमच्या घरची मोटारही अशीच, जुनी विकत घेतलेली.

आमचे बिऱ्हाड पेडण्यास आणि वृद्ध आत्याबाई डिचोलीस. त्यांच्या समाचारास दर रविवारी जाण्याचा आमचा परिपाठ. मालप्याचा चढ, धारगळचा माळ, कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडून म्हापसा आणि पुढे अस्नोडा, मुळगाव, डिचोली असा सुमारे पस्तीस किलोमीटरांचा हा मार्ग. जाऊन येऊन सत्तर. पेट्रोलचा खर्च डोईजड होऊ लागला, तेव्हा महिन्यातील एक रविवार गाळावा की काय, असा प्रश्न घरात निघाला. आत्याबाई त्या दिवशीही ओसरीवर वाट पाहत बसतील, हे ठाऊक असल्यामुळे तो कोणासच रुचला नाही. तेव्हा रविवार गाळण्याआधी पेट्रोल कोठे गळते ते पाहू, असे आम्ही ठरवले.

प्रथम मोजमाप. पंपावर टाकी भरताना नळी पहिल्यांदा आपोआप थांबली की तेथेच थांबावे व मीटरवरील किलोमीटर वहीत टिपावेत. पुन्हा पेट्रोल घेताना शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी भरावी. मधल्या काळात चाललेले अंतर भागिले या खेपेस भरलेले लिटर, हे खरे उत्तर. एका खेपेचा आकडा फसवा असू शकतो. म्हणून तीन खेपांची सरासरी घ्यावी. आमची सरासरी लिटरास १३ किलोमीटर निघाली. जाहिरातीतील आकड्याहून ती पुष्कळच कमी होती. पण तो आकडा प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगाने मोटार चालवून काढलेला असतो. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशा चाचण्या घेते. तेथे पाऊस नसतो, खड्डे नसतात व रस्त्यात गुरेही बसलेली नसतात.

मग आम्ही मोटारीस दोष दिला. प्लग बदलले, हवेची गाळणी नवी घातली. फरक नाममात्र पडला. तेव्हा आम्ही वही घेऊन गणित मांडले आणि दोष मोटारीपेक्षा आमच्या उजव्या पायाकडे अधिक आहे, असे ध्यानात आले.

आज पंपावर मिळणाऱ्या, २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या एका लिटर पेट्रोलात सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा असते. तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने धुराच्या नळीतून व रेडिएटरमधून निघून जातो आणि चाकांपर्यंत ढोबळ मानाने पंचमांश, म्हणजे सुमारे ६० लाख ज्यूल पोहोचतात. आता माणसांसह ९०० किलो वजनाची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर वेगाने जात आहे, असे समजा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. ९०० गुणिले २२५ याचे निम्मे सुमारे १ लाख ज्यूल होते. ब्रेक दाबून मोटार उभी केली की हे लाख ज्यूल ब्रेक तापवून हवेत जातात आणि पुन्हा तोच वेग गाठण्यास तितकेच नव्याने खर्चावे लागतात. साठ लाखांतील एक लाख म्हणजे लिटराचा साठावा भाग, चहाच्या तीन चमच्यांहून थोडे अधिक पेट्रोल. असा कचकचून ब्रेक साठ वेळा लावला की एक लिटर पेट्रोल गेले!

याचा अर्थ ब्रेक लावू नये असा नव्हे. माणूस आडवा आला असता चमच्यांचा हिशेब करणारा मूर्ख होय. अर्थ इतकाच की, ज्याची गरज पुढे पाहिल्याने टळली असती, तो ब्रेक महागात पडतो. पुढे थांब्यावर बस उभी आहे, पावसाळ्यात वळणापलीकडे गुरे बसली आहेत, डिचोलीच्या वाटेवर खनिजाचा ट्रक संथ चालला आहे, हे लांबून दिसताच एक्सिलरेटरवरील पाय काढावा. मोटार आपल्या अंगच्या वेगाने बरेच अंतर जाते व तोवर पुष्कळदा वाट मोकळी होते. आम्ही मात्र ट्रकाच्या पाठीशी जाईपर्यंत वेग वाढवत होतो व तेथे ब्रेक लावत होतो.

दुसरी चूक याहून घातक होती. चढताना पेट्रोल अधिक लागते, हे खरे. उपरोक्त मोटार दर दहा मीटर उंची चढताना सुमारे तीन चमचे अधिक पेट्रोल घेते. त्याची भरपाई उतारावर करावी, या समजुतीने आम्ही धारगळहून कोलवाळकडे उतरताना गिअर न्यूट्रल करत होतो आणि कधी कधी किल्ली फिरवून इंजिनही बंद करत होतो. एकदा मुले मागे बसली असताना एक गाय रस्त्यात आली. पहिल्या दोन दाबांनंतर ब्रेकचा पेडल दगडासारखा कठीण झाला. ब्रेकला जोर देणारी यंत्रणा इंजिनाच्या शोषणावर चालते आणि इंजिन तर आम्हीच बंद केले होते. पाय रोवून मोटार कशीबशी थांबवली. गाय शांतपणे निघून गेली, आमचे हात मात्र बराच वेळ कापत होते.

गंमत अशी की, या धोक्याची मुळी गरजच नव्हती. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात, गिअर घातलेला असताना उतारावर एक्सिलरेटरवरील पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा आपोआप तुटतो. चाकेच इंजिनास फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे लांब उतारावर गिअरमध्ये राहणे हेच सुरक्षित आणि हेच काटकसरीचे. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातील समजूत आम्ही नव्या इंजिनास लावत होतो.

तिसरी गोष्ट वेगाची. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५४ ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेल्यास तो जवळजवळ पावणेतीनपट होतो. मोपाचा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर घाई वाढली आहे. पण पस्तीस किलोमीटरांत धावपळीने वाचणारी मिनिटे म्हापशाच्या गर्दीत बहुधा परत द्यावी लागतात. याउलट फार खालच्या गिअरमध्ये रेंगाळणेही बरे नव्हे. त्या वेळी इंजिन जलद फिरते आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढते. बारीक नळीने घाईघाईने सरबत ओढताना गालांना श्रम पडतात, तसे ते श्रम. म्हणून इंजिन गुरगुरू न देता, जमेल तितक्या लवकर वरचा गिअर घालावा.

बाकीच्या गोष्टी लहान, पण रोजच्या आहेत. टायरमधील हवा मोटार थंड असताना तपासावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा एक पौंड कमी झाली तर सरासरी ०.२ टक्के इंधन अधिक लागते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. बचत थोडी खरी, पण पावसाळी रस्त्यावर टायरची पकड टिकते, हा लाभ मोठा. मागे विसरलेले नारळांचे पोते उतरवून ठेवावे. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात कोणाची वाट पाहत उभे राहावयाचे असल्यास इंजिन बंद करावे; लहान इंजिनही नुसते चालू राहिल्यास तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. आणि थंड इंजिनास पेट्रोल अधिक लागते. म्हणून घराजवळच्या दुकानातून साखर आणावयास मोटार काढणे ही सर्वांत महाग साखर होय. तेथे पायी किंवा सायकलीने जावे.

हे सारे नवे नाही. १९७३ च्या तेलसंकटाने जगाची झोप उडवली आणि १९७८ साली भारत सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन केली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखावा, असा उपदेश ती वर्षानुवर्षे करत आहे. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशांतून येते. शिवाय जळालेल्या प्रत्येक लिटरामागे दोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तेव्हा वाचलेला थेंब घरचा असतो, तसाच देशाचाही असतो.

तीन महिन्यांनी वहीतील सरासरी १३ वरून १६ वर आली. महिन्यास आमची मोटार सुमारे ५०० किलोमीटर चालते. पूर्वी त्यास ३८ लिटर पेट्रोल लागे, आता ३१ लागते. उरलेल्या सात लिटरांत ११२ किलोमीटर जाता येते, म्हणजे डिचोलीची एक फेरी होऊन वर उरते. रविवार गाळण्याचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, मोटारीचे चक्र हाती घेण्यास तुम्हांस अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतील. पण वही-पेन्सिल घेऊन वडिलांच्या, काकांच्या शेजारी बसण्यास कोणताही परवाना लागत नाही. एका प्रवासात किती ब्रेक लागले व त्यांतील किती टाळता आले असते, हे मोजा आणि घरी मांडून दाखवा. उतारावर कोणी किल्लीकडे हात नेला, तर मात्र वही बाजूस ठेवून त्यांस तेथल्या तेथे नम्रपणे अडवा.