भाषा पुढे, तपासनीस मागे

प्रोग्राम चालवण्याआधीच त्यातल्या चुका दाखवणाऱ्या साधनाला लिंटर म्हणतात. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिले, तिथून ही परंपरा सुरू झाली. आज अनेक कंपन्यांत लिंटरने हरकत घेतली की कोड पुढे सरकत नाही. पण ती हरकतच चुकीची असेल तर?

पायथॉन ३.१२ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. मजकुराच्या मधे महिरपी कंसात आकडे किंवा नावे भरण्याची सोय, म्हणजे एफ-स्ट्रिंग, तिने आतून बदलली. पूर्वी अशी स्ट्रिंग सलग एक तुकडा म्हणून वाचली जाई. आता तिचे बारीक तुकडे होऊ लागले. पायकोडस्टाइल हा लिंटर या तुकड्यांवरच चालतो. कोलननंतर जागा सोडावी, हा त्याचा एक नियम. ‘दशांशानंतर दोनच आकडे छापा’ असे सांगणारा स्ट्रिंगच्या पोटातला कोलन त्याला प्रथमच दिसला आणि तिथेही त्याने जागा मागितली. ते ऐकून कोणी जागा सोडली, तर छापलेल्या प्रत्येक धन संख्येआधी एक रिकामी जागा येते. कारण त्या ठिकाणी जागेला पायथॉनमध्ये स्वतंत्र अर्थ आहे. म्हणजे लिंटरचा सल्ला मानल्यानेच चूक घडते! ऑक्टोबरमधल्या २.११.१ या आवृत्तीतही या नियमाची दुरुस्ती करावी लागली.

हे आळसामुळे होत नाही. लिंटरला भाषेचे व्याकरण बहुधा स्वतंत्रपणे शिकावे लागते. २०२१ मध्ये पायथॉनमध्ये ‘मॅच’ आले. हा शब्द कधी आज्ञा असतो, कधी साधे नाव. कोडची मांडणी करणाऱ्या ‘ब्लॅक’चा जुन्या घडणीचा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, त्यावर अडला, आणि त्याला मागे येऊन पुन्हा वाचायला शिकवावे लागले. पायथॉनने स्वतःचा पार्सर आवृत्ती ३.९ मध्येच बदलला होता.

जावास्क्रिप्टचा ईएसलिंट मात्र मुद्दाम थांबतो. भाषेतल्या नव्या सोयीचा प्रस्ताव अंतिम टप्प्यावर पोचल्याशिवाय तो त्याला गाभ्यात घेत नाही. जावास्क्रिप्टवर आधारलेल्या टाइपस्क्रिप्ट भाषेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेली ‘?.’ ही खूण ईएसलिंटच्या गाभ्यात जुलै २०२० मध्ये आली. हा संयम योग्यच आहे.

खरे नुकसान खोट्या इशाऱ्यांचे. वैतागलेला प्रोग्रामर ओळीशेजारी ‘इथे तपासू नकोस’ अशी टीप टाकतो किंवा नियमच बंद करतो. लिंटर पुढे सुधारतो, तो नियम मात्र बंदच राहतो आणि त्याने पकडली असती ती खरी चूक निसटते. गो भाषेचे ‘व्हेट’ आणि रस्ट भाषेचे ‘क्लिपी’ हे तपासनीस भाषेच्या आवृत्तीबरोबरच येतात, म्हणून तिथे भाषा आणि तपासनीस यांतले अंतर कमी राहते. पायथॉनचे तसे नाही. ३.१२ ची पहिली बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, मे २०२३ मध्ये आली होती. लिंटर सांभाळणाऱ्यांना बदल पचवायला तेवढेच चार-पाच महिने होते, आणि त्यांतले बरेच जण हे काम फावल्या वेळात, विनामोबदला करतात.