शाळा व्यवस्थापन समिती
शाळेच्या कारभारावर देखरेख करणारी, मुख्यतः पालकांची विनावेतन समिती. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ मधील कलम २१ अन्वये शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत ती स्थापावी लागते. किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. महाराष्ट्रात पालकसभा पालक-सभासद निवडते. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतो. शाळा-विकास आराखडा व अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे. पालक-सभासदास शिक्षणाची अट अधिनियमात नाही. पाल्य शाळेत असणे पुरे. मात्र कंधार, मुखेड (जि. नांदेड) व जळकोट (जि. लातूर) भागांतील अनेक पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. ज्यांच्या मुलांची शाळा सुटण्याचा धोका अधिक, नेमके तेच मग बैठकीस नसतात. मागे राहिलेल्या मुलांसाठी मराठवाड्यात निघालेली हंगामी वसतिगृहे चालविण्याचे कामही या समित्यांकडेच आले.