ग्रिड डळमळतो, मग सावरतो कसा?

देशाचा वीजग्रिड ५० हर्ट्झच्या आसपास चालतो. एखादा मोठा वीजसंच अचानक बंद पडला तरी बहुतेक वेळा घरातला दिवा लुकलुकतही नाही. त्यामुळे ग्रिडच्या स्थिरतेविषयी काही गैरसमज पक्के झाले आहेत.

गैरसमज : ग्रिडमध्ये विजेचा साठा असतो.
वस्तुस्थिती : जवळजवळ सगळी वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. संच बंद पडला की पहिली तूट भरून निघते ती इतर केंद्रांतल्या फिरत्या टर्बाइन-जनित्रांच्या गतिज ऊर्जेतून. त्यात त्यांचा वेग किंचित घटतो आणि वारंवारिता उतरते. काही सेकंदांतच टर्बाइनचा वेग सांभाळणारे गव्हर्नर वाफेच्या किंवा पाण्याच्या झडपा अधिक उघडून ही घसरण थांबवतात. वारंवारिता पुन्हा ५० हर्ट्झजवळ आणायला मात्र राखीव क्षमता लागते आणि त्यात काही मिनिटे जातात.

गैरसमज : धोका फक्त तुटीचा असतो.
वस्तुस्थिती : वीज जास्त झाली तरी ग्रिड डळमळतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने घटली. उत्पादन झपाट्याने कमी-जास्त करता येणारी जलविद्युत केंद्रे आधीच सज्ज ठेवल्यामुळे ग्रिड टिकला.

गैरसमज : जुलै २०१२चा महाअंधार केवळ वीजटंचाईमुळे झाला.
वस्तुस्थिती : तेव्हा अनेक वाहिन्या बंद होत्या आणि काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. अतिभारित बिना-ग्वाल्हेर वाहिनीत बिघाड नसतानाही संरक्षक यंत्रणेने ती तोडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला आणि त्याही एकामागून एक तुटल्या. ३१ जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळले. महाराष्ट्राला वीज देणारा पश्चिम ग्रिड मात्र वाचला.

गैरसमज : रिलेने, म्हणजे संरक्षक यंत्रणेतल्या स्वयंचलित उपकरणाने, एखाद्या भागाची वीज तोडणे म्हणजे यंत्रणेचे अपयश.
वस्तुस्थिती : वारंवारिता फार खाली गेली की रिले ठरावीक फीडर (त्या-त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) आपोआप बंद करतात. थोडा भार वेळीच उतरला तर बाकीचा ग्रिड वाचतो. सगळाच कोसळला तर बाहेरच्या विजेशिवाय सुरू होणाऱ्या जलविद्युत किंवा वायू संचांपासून तो टप्प्याटप्प्याने उभारावा लागतो, आणि त्याला कित्येक तास लागतात.

म्हणूनच राखीव क्षमता ही उधळपट्टी नव्हे आणि रिलेची नियमित चाचणी ही औपचारिकता नव्हे. धक्का बसल्यावर हाताशी सेकंदच असतात. सावरण्याची तयारी त्याआधीच झालेली असावी लागते.