कंपवात आणि वाकलेली पाठ

कंपवात म्हटलं की डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. पण या आजारात पुष्कळांची पाठही हळूहळू पुढे वाकते. कुणी एका बाजूला कलतं, कुणाची हनुवटी छातीला टेकायला येते. मग घरात रोजचं पालुपद सुरू होतं, "मामंजी, जरा ताठ उभे राहा की!" बिचारे मामंजी त्यांच्या मते ताठच उभे असतात. अंग सरळ आहे की कललंय, याची मेंदूला मिळणारी खबरच चुकते आणि स्नायूंचा ताणही बिघडतो. त्यांना बोल लावून काय उपयोग?

घरी एक गोष्ट बघा. आडवं झाल्यावर बाक जातो का? जात असेल तर कणा तसाच पक्का झालेला नाही, सरावाला वाव आहे. गोळ्यांनी अंगाचा ताठरपणा कमी होतो, हालचाल सुधारते. बाकाला मात्र त्यांचा गुण बहुधा कमीच येतो. म्हणून व्यायामाचं मोल मोठं.

व्यायाम गोळीचा असर चढल्यावर करावा, तेव्हा अंग मोकळं असतं. भिंतीला पाठ, खांदे आणि जमेल तेवढं डोकं टेकवून दहा मोजेपर्यंत उभं राहायचं. शेजारी कुणीतरी हवंच, तोल जाऊ शकतो. समोर आरसा असला तर फार बरं, कारण अंगाला कळत नाही ते डोळ्यांना दिसतं. झेपत असेल तर सतरंजीवर थोडा वेळ पालथं झोपावं. झोळ पडलेली खाट आणि उशांची चळत मात्र बाक वाढवतात. मानेला हिसका देऊन किंवा पाठीवर दाब देऊन सरळ करायला जाऊ नका. म्हातारपणी हाडं ठिसूळ असतात.

आता काठी. आपल्याकडे हाताला लागेल ती काठी देतात, आणि आखूड काठी माणसाला आणखी वाकवते. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं केल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. काहींना धनगराच्या काठीसारखी उंच काठी जास्त मानवते, कारण ती धरताना छाती आपोआप वर येते. कोपरं टेकवता येतील असा उंच वॉकरही मिळतो.

कमरेचा पट्टा दुकानातून परस्पर आणू नका. चुकीचा पट्टा काचतो, श्वास अडवतो. जेवताना खुर्चीत टेकून बसवा, ताट उंचावर ठेवा. मान खाली गेली की घास गिळणं जड जातं, ठसका लागतो.

नवीन औषध सुरू केल्यावर माणूस थोड्या दिवसांतच एका कुशीला कलू लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करा. जाताना रोजची चप्पल आणि काठी सोबत न्या, आणि व्यायाम तुम्हालाही करून दाखवायला सांगा.